चुकीच्या तारखेचा पाहुणा

येलोवा गावात ओब्रेन तेशिचला बसलेला पाहायचं असेल, तर वर्षातला एक दिवस सोडून कधीही यावं. गुत्त्यात, गिरणीत, दुसऱ्याच्या ओट्यावर, चर्चच्या भिंतीला टेकून, जागा मिळेल तिथे तो बसायचा आणि एकदा बसला की उठायचं नाव घ्यायचा नाही. त्याची बायको पेरुनिका म्हणायची, "देवानं याला पाय दिले ते घडी घालून ठेवायला." पण डिसेंबरच्या सहा तारखेला, संत निकोलाच्या दिवशी, हाच माणूस उजाडल्यापासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत ताठ उभा असायचा. त्या दिवशी त्याच्या घरची स्लावा.

आमच्याकडे प्रत्येक घराला आपला एक संत असतो. तो बापाकडून मुलाकडे येतो, जमिनीसारखा आणि नाकासारखा. त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती लागते, गहू शिजतो, नक्षीचा गोल पाव भाजला जातो, लाल वाइन निघते. आमंत्रण कुणालाच द्यायचं नसतं. जो उंबऱ्यावर येऊन टोपी काढेल आणि "स्लावा सुखाची होवो, घरधनी" म्हणेल, तो पाहुणा. त्याला माघारी धाडायचं नाही, मग तो कुणीही असो. आणि पाहुणे जेवत असताना घरधन्यानं बसायचं नाही.

ओब्रेनचा बाप लवकर गेला. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा हा पोरगा बापाचे मोठे जोडे घालून त्या मेणबत्तीपाशी उभा राहिला होता. तेव्हापासून एकदाही खंड नाही. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, तीन गेली, एक उरला, रादोये. आता ओब्रेनची साठी उलटली होती आणि दर स्लावेला संध्याकाळी पाय सुजायचे, पण मेणबत्ती मुलाच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. "रादोयेला अजून वाइन न सांडता ओतता येत नाही," म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. मेणबत्ती दिली की आपण म्हातारे झालो. "देईन एक दिवस," तो म्हणे, "आणि मग असा बसेन, की उठवायला बैल जुंपावे लागतील."

हे सगळं युद्धाच्या आधीचं.

त्या साली जूनमध्ये, संत विदच्या जत्रेच्या दिवशी, बातमी आली की द्रीना नदीपलीकडे सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला कुणा पोरानं गोळी घातली. जत्रेतलं वाजंत्री थांबलं. पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून सगळे गुत्त्यात गेले. तिथे शाळेचे त्वेत्को मास्तर होते. त्यांनी टेबलावरचे पेले मांडून समजावायला घेतलं.

"ऑस्ट्रिया आपल्यावर आला, की रशिया ऑस्ट्रियावर जाणार. रशिया हलला की जर्मनी रशियावर. जर्मनी हलला की फ्रान्स त्याच्यावर. मग इंग्रज."

"थांबा मास्तर," ओब्रेन म्हणाला. "म्हणजे कुंपणावरून माझी आणि शेजाऱ्याची जुंपली, तर तुमचा मेव्हणा माझ्या काकाच्या डोक्यात काठी घालणार?"

"अगदी तसंच."

"आणि काकाला कुंपण कुठलं तेही ठाऊक नसणार?"

"नसणार."

"मग हे युद्ध कसलं, हे लग्न झालं. लांबलांबचे नातेवाईक येणार, आणि कशाला आलो ते निम्म्यांना माहीत नसणार."

गुत्ता हसला. मास्तरही हसले, पण पेले मांडलेले तसेच राहिले आणि कुणी त्यांतून प्यायलं नाही.

महिन्याभरानं गव्हाची कापणी ऐन भरात असताना ऑस्ट्रियानं आमच्या राजधानीत एक कागद धाडला. त्यात दहा मागण्या होत्या आणि उत्तराला दोन दिवस. सरकारनं बहुतेक सगळ्याला हो म्हटलं, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी युद्ध जाहीर झालं, तेही तारेनं. ओब्रेनला युद्धापेक्षा त्या तारेचाच राग आला. "मारामारीला येणारा माणूस निदान दारात उभा राहून चार शिव्या देतो," तो म्हणाला. "हे तार कसली करतात? यांना उंबरा माहीत नाही का?"

गावच्या दवंडीवाल्यानं ढोल बडवला आणि पुरुष निघाले. रादोये आधीच्या दोन वर्षांत दोन लढाया करून आला होता, एक तुर्कांशी, एक बल्गारांशी. त्याचा लष्करी कोट अजून खुंटीवरच होता. बायको यागोदा दारात उभी होती. तिच्याकडे न बघता तो बापाला म्हणाला, "स्लावेला येतो, बाबा."

"स्लावेला पाहुणेसुद्धा येतात," ओब्रेन म्हणाला. "तू घरी ये."

मग सैन्यानं बैल मागितले, कारण तोफगोळे वाहायला घोडे पुरेनात. ओब्रेनचे झेकोन्या आणि शारोन्या हे दोन बैल चौकात नेले. म्हाताऱ्यांच्या शेवटच्या फळीतसुद्धा ओब्रेनचं वय बसत नव्हतं. अधिकारी म्हणाला, "काका, तुम्ही घरी जा." शिपायांनी बैलांना ढकललं, ओढलं, पराणी टोचली. बैल ढिम्म. ओब्रेन लांब दगडावर बसून बघत होता. शेवटी त्यानं जिभेनं एकदा टक् केलं आणि दोघे चालू लागले. अधिकाऱ्यानं कपाळावर हात मारला आणि बैलांबरोबर मालकही घेतला. गणवेश शिल्लक नव्हता, म्हणून एक टोपी दिली. अशा रीतीनं ओब्रेन तेशिच महायुद्धात गेला, स्वतःच्या कोटात, स्वतःच्या गाडीवर, आणि अर्थातच बसून.

ऑगस्टमध्ये त्सेरच्या डोंगरावर आमच्या लोकांनी शत्रूला पहिल्या झटक्यात द्रीनेपार हाकललं. या युद्धातला मित्रराष्ट्रांच्या बाजूचा पहिला विजय तो, असं पुढे सगळे सांगत. शत्रू पुन्हा आला, पुन्हा मागे गेला, तिसऱ्यांदा आला. पाऊस लागला. चिखल असा, की बैलांच्या पोटाला टेकायचा. गोळे संपले, तोफा गप्प झाल्या आणि सैन्य मागे मागे सरू लागलं. त्या माघारीत एका उतारावर गाडीचं चाक ओब्रेनच्या उजव्या पावलावरून गेलं. बैल पुढे गेले, मालक लंगडत घरी आला. बैल गेल्याचं त्याला पावलापेक्षा जास्त लागलं.

आठवडाभरात शत्रूही गावात पोचला. उन्हाळ्यात द्रीनेकाठी माच्वाच्या गावांत त्यांनी काय केलं होतं, बायकापोरांनासुद्धा सोडलं नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ज्यांना शक्य होतं ते पळाले. ओब्रेनला पळता येत नव्हतं. पेरुनिकाला येत होतं, पण ती म्हणाली, "माझ्या घरातून मी पळू? त्यांनी पळावं." आणि सासूला सोडून यागोदा जाईना. ही तिघं राहिली.

ओब्रेनच्या अंगणातली भट्टी गावात सगळ्यांत मोठी, म्हणून श्वाबांनी, म्हणजे त्या ऑस्ट्रियावाल्यांनी, तिथेच लष्कराचा पाव भाजायला घेतला. मुख्य भटारी बोहुमिल नावाचा. मोरावियाचा चेक, गोल, लाजाळू, मिशांना कायम पीठ लागलेलं. त्याची भाषा आमच्या भाषेची लांबची बहीण, त्यामुळे निम्मं कळायचं आणि उरलेलं हातवाऱ्यांनी भागायचं. त्यालाही युद्ध नको होतं, पण त्याच्या सम्राटानं त्याला विचारलं नव्हतं. रोज सकाळी तो एक गरम पाव गुपचूप खिडकीत ठेवायचा. पेरुनिका तो उचलून कुत्र्यापुढे टाकायची. कुत्रा खायचा, पण खाताना मालकिणीकडे ओशाळून बघायचा.

शत्रूनं घरातलं होतं नव्हतं ते उचलून नेलं. मधमाश्यांच्या टोपल्यासुद्धा नेल्या, एक सोडून, कारण तिच्यातल्या माश्यांनी एका हवालदाराचं तोंड भोपळ्याएवढं केलं होतं. त्या टोपलीखालच्या खड्ड्यात ओब्रेननं स्लावेचं सामान पुरलं होतं. घरच्या मेणाची एक मेणबत्ती, ओंजळभर गहू, पुरचुंडीभर पांढरं पीठ, एक बाटली वाइन. एका स्लावेपुरतं, त्यावर कणही नाही. शत्रू असो, नसो, यंदाही खंड पडू द्यायचा नाही एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. रोज लंगडत जाऊन तो टोपलीवर हात ठेवून यायचा.

एका सकाळी दार वाजलं. ओब्रेननं उघडलं तर उंबऱ्याबाहेर बोहुमिल. दाढी केलेली, मिशा धुतलेल्या, कोटाची बटणं लावलेली, हातात एक लाल सफरचंद. त्यानं टोपी काढली, घसा साफ केला आणि पाठ केलेले शब्द एकेक करून उच्चारले.

"स्लावा. सुखाची. होवो. घरधनी."

ओब्रेन बघतच राहिला. आज तारीख कुठली? आज तेवीस नोव्हेंबर. स्लावा अजून तेरा दिवस लांब होती.

घोळ असा झाला होता. बोहुमिलनं घरातलं संत निकोलाचं चित्र पाहिलं होतं आणि यागोदाला विचारलं होतं, तुमच्या संताचा दिवस कधी? ती म्हणाली, सहा डिसेंबरला. तो हरखला, कारण त्यांच्याकडेही निकोलाचा दिवस सहा डिसेंबरच. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण आमचं कॅलेंडर जुनं, चर्चचं, सावकाश चालणारं. त्यांचं तेरा दिवस पुढे पळणारं. त्यांच्याकडे सहा डिसेंबर आज उजाडला होता.

पेरुनिका मागून पुटपुटली, "सांग त्याला, तेरा दिवसांनी ये म्हणावं. नाहीतर येऊच नको म्हणावं."

"त्यानं शब्द उच्चारलेत," ओब्रेन म्हणाला.

"चुकीच्या दिवशी उच्चारलेत."

"उंबरा तर बरोबर आहे ना?"

"माणसा, तुझं डोकं आहे का भोपळा? एकच मेणबत्ती आहे. याच्यासाठी जाळलीस तर संताला काय दाखवशील, बोटं?"

ओब्रेननं मधमाश्यांच्या टोपलीकडे पाहिलं. चाळीस-पन्नास वर्षं धरून ठेवलेली गोष्ट, ती या पिठाळ मिशांच्या श्वाबासाठी सोडायची? समोर बोहुमिल सफरचंद धरून उभा होता. काहीतरी चुकलं हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटायला लागलं होतं, कानापर्यंत लाल झाला होता तो. आणि ओब्रेनला एकदम वाटलं, या सबंध युद्धात दार वाजवून, टोपी काढून आलेला हा पहिलाच माणूस.

"या पाहुणे," तो म्हणाला. "आत या. तुमचीच वाट बघत होतो."

मग धांदल उडाली. यागोदा टोपलीखालचं सामान घेऊन आली. पेरुनिकानं पीठ मळायला घेतलं ते असं, की परातीतला गोळा तिचा वैरी असावा. बोहुमिल बाकावर अवघडून बसला होता. त्याचा धंदाच तो, त्यामुळे तिचे हात पाहून त्याची बोटं आपोआप हलायला लागली. शेवटी राहवेना, तसा तो उठून मदतीला गेला.

"बस," पेरुनिका म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "पाहुण्यानं बसायचं असतं. आणि मला पीठ शिकवू नकोस."

भट्टीत लष्कराचे पाव होते. बोहुमिलनं जाऊन स्वतःच्या हातानं ते अर्धेकच्चे बाहेर काढले आणि स्लावेच्या पावाला जागा केली. त्या दिवशी एका अख्ख्या पलटणीनं कच्चा पाव खाल्ला असणार. ओब्रेनला पुढे हे सांगताना फार आनंद व्हायचा. आपण युद्धात शत्रूचं केलेलं सगळ्यांत मोठं नुकसान ते हेच, असं तो म्हणायचा.

पाव झाला. मेणबत्ती लागली. गाव ओस होतं, धर्मगुरूही पळालेले, म्हणून घरधनी आणि पाहुणा असे दोघांनीच पावाला चार हात लावले. तो फिरवला, त्यावर वाइन ओतली आणि मधोमध मोडला. मोठा तुकडा बोहुमिलच्या हातात आला. "याच्या घरी पीक चांगलं येणार," ओब्रेन म्हणाला. "यानं आता तिकडे जाऊन ते कापावं म्हणजे झालं." मग गहू, साधा कांद्यात शिजवलेला घेवडा, सुकवलेले आलुबुखार. नाताळाआधीच्या उपासाचं, मांस-दुधाविना जेवण, आणि तेही मुठीएवढं.

"बाकीचे पाहुणे?" बोहुमिलनं विचारलं.

यागोदानं मान खाली घातली. ओब्रेन म्हणाला, "तुमच्या सैन्याला भितात. येतील मागाहून."

"आणि तुम्ही बसत का नाही? पाय दुखतोय ना?"

"आज मला बसता येत नाही."

बोहुमिल झटकन उठून उभा राहिला. आपणही बसणार नाही म्हणाला. पेरुनिकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबला आणि ताटात आणखी घेवडा वाढला. स्वतःच्या वाटचा.

दुपारी डोंगराकडून तोफा ऐकू आल्या. आमच्या तोफांना फ्रान्सचे नवे गोळे पोचले होते आणि सुवोबोरच्या डोंगरावरून आमचं सैन्य उलटून पडलं होतं. रस्त्यावरून शत्रूच्या गाड्या उलट्या दिशेनं धावायला लागल्या. हवालदार ओरडत अंगणात आला. बोहुमिलनं घाईघाईनं भांडी गोळा केली, अंगणाच्या कोपऱ्यात दोन-तीन खेपा घातल्या आणि जाताना खिडकीकडे वळून टोपी काढली. पेरुनिका खिडकीत होती. "मेल्यानं टोपी तरी काढायला नको होती," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी आमचं सैन्य आलं. पाठलागातच रादोये अंगणात शिरला, एक पेला पाणी पिण्याइतका वेळ घेऊन. पाणी पिताना त्यानं विचारलं, "बाबा, स्लावेचा गहू जपलाय ना?"

ओब्रेननं सगळं सांगितलं. रादोयेच्या नाकातून पाणी आलं. "श्वाबासाठी स्लावा केलीत? तेवीस नोव्हेंबरला?" तो अंगणात गुडघ्यांवर हात ठेवून हसला, मग यागोदाला मिठी मारून तसाच हसत पळत पलटणीमागे गेला. खऱ्या तारखेला तो घरी असणार नव्हता, हे तो गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं.

आठ दिवसांत देशात बंदूक धरलेला एकही शत्रू उरला नाही. गावकरी परतले. आणि खरा निकोलाचा दिवस उजाडला तेव्हा ओब्रेनकडे ना मेणबत्ती होती, ना पीठ, ना वाइन. लोक येणारच होते, न बोलावता. तो स्वच्छ सदरा घालून रिकाम्या टेबलाशी उभा राहिला. त्याला बापाचे ते मोठे जोडे आठवले आणि त्याचा चेहरा रडवेला झाला.

पहिला आवाज आला तो ओळखीचा.

"स्लावा सुखाची होवो, घरधनी."

उंबऱ्यावर बोहुमिल. आता कैदी. कोटाला बटणं नव्हती, मिशा चिखलानं माखलेल्या. मागे बंदूक घेऊन शेवटच्या फळीतला एक म्हातारा शिपाई. "हा रस्त्यावर खडी फोडत होता," शिपाई सांगू लागला. "मी सहज म्हटलं, परवा निकोलाचा दिवस. तर हा रडायलाच लागला. म्हणे मी चुकीच्या दिवशी गेलो, मला त्या घरी न्या. कैद्याला एकट्याला सोडता येत नाही, म्हणून मला यावंच लागलं. घेवडा आहे का?"

"घेवडा आहे," ओब्रेन म्हणाला. "बाकी काही नाही."

बोहुमिल गोंधळला. "पीठ संपलं?"

"कुठलं पीठ?"

बोहुमिल अंगणाच्या कोपऱ्यातल्या आलुबुखार सुकवायच्या भट्टीकडे गेला. हिवाळ्यात तिच्यात कोण डोकावतं? दार उघडलं, आत लष्कराच्या पांढऱ्या पिठाच्या दोन गोण्या आणि एक साखरेची. पळायच्या गडबडीत, हवालदाराची पाठ फिरल्यावर त्यानं त्या आत ढकलल्या होत्या. सांगायला सवड मिळाली नव्हती.

"इतके दिवस आम्ही कोंड्याची भाकर खातोय," पेरुनिका नवऱ्याला म्हणाली, "आणि तू रोज या भट्टीला टेकून बसत होतास. नुसता बसत होतास!"

"मेणबत्ती?" यागोदानं हळूच विचारलं.

पेरुनिकानं पदरासारखा पुढे बांधलेला फडका सोडला, आत गेली आणि मेणबत्ती घेऊन आली. तश्शीच, घरच्या मेणाची. "दोन केल्या होत्या," ती म्हणाली. "एक लपवली. सांगितलं असतं तर यानं तीही पुढच्या सैन्याला जाळून दिली असती, हे मला काय ठाऊक नाही? इतकी वर्षं संसार केलाय याच्याशी."

वाइन शेजाऱ्यांनी आणली. त्या दिवशी पाव बोहुमिलनं मळला, पेरुनिकाच्या परवानगीनं. गाव लोटलं. ओब्रेन रात्रीपर्यंत उभा होता आणि तो शिपाई, बंदूक कोपऱ्यात ठेवून, तिसऱ्यांदा घेवडा मागत होता.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याच हिवाळ्यात टायफस आला आणि तोफांनी नेली नव्हती तेवढी माणसं घेऊन गेला. पुढच्या शरदात उत्तरेकडून जर्मन आणि ऑस्ट्रियन, पूर्वेकडून बल्गार असे एकदम आले. सैन्य बर्फातून अल्बानियाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे गेलं, रादोये त्यातच. कैद्यांनाही बरोबर नेलं, बोहुमिलही गेला. पलीकडे कोण पोचलं, कोण नाही, ते गावात कुणालाच कळेना.

नव्या राज्यकर्त्यांनी आमची लिपी बंद केली आणि कॅलेंडरही. आता सगळं त्यांच्या तारखेनं. ओब्रेननं त्यावर उपाय काढला. त्यांच्या सहा डिसेंबरला तो दार सताड उघडं टाकून एक मेणबत्ती लावायचा. चौकीवाले खूश, म्हातारा सुधारला. तेरा दिवसांनी खिडक्या लावून खरी स्लावा. पेरुनिका कुरकुरायची, एका स्लावेपुरतं मिळत नाही आणि हा दोन करतो. पण पहिल्या दिवसाचं कारण चौकी नव्हती. "चुकून आलेला पाहुणा पुन्हा चुकून आला तर?" तो म्हणायचा. दोन्ही दिवशी तो उभा राहायचा, काठी टेकून. यागोदाही दोन्ही दिवशी दाराकडे तोंड करून काम करायची.

मग दक्षिणेला सालोनिकापाशी शत्रूची फळी फुटली, आमचं सैन्य धावत वर आलं, राजधानी सुटली, नोव्हेंबरात सगळीकडच्या तोफा थांबल्या. गावची माणसं दोघं-तिघं करून परतू लागली. रादोये नाही. विचारलं तर कुणी म्हणे वर उत्तरेला बनातकडे पाहिला, कुणी म्हणे तो दुसराच.

"यंदा तरी ती चुकीची स्लावा सोड," पेरुनिका म्हणाली. "श्वाब गेले. आता कुणाला दाखवायचीय?"

"यंदा एवढीच," ओब्रेन म्हणाला. तिनं आपटत परात घेतली आणि पीठ मळलं.

दुपारी मेणबत्ती लागली होती. ओब्रेन काठीवर रेलून उभा होता, दुखरं पाऊल वर धरून. अंगणात पावलं वाजली, पळत आलेली. निळसर फ्रेंच कोट घातलेला, दाढी वाढलेला एक माणूस उंबऱ्यावर येऊन थांबला. त्याला धाप लागली होती. त्यानं टोपी काढली.

"स्लावा सुखाची होवो, घरधनी. उशीर नाही ना झाला?"

यागोदाच्या हातातून वाडगा पडला. पेरुनिकाचा आवाज फुटला तो आधी वसकन आणि मग रडत. "उशीर? गाढवा, तेरा दिवस लवकर आलास!"

"आज सहा डिसेंबर ना?"

"फ्रेंचांचा!"

रादोयेनं तोंडावर हात मारला. तीन वर्षं फ्रेंचांच्या तारखा, फ्रेंचांचा पाव. सुट्टी मिळाल्यावर तो सहा डिसेंबर गाठायचा म्हणून दोन दिवस न झोपता आला होता. "आणि मी त्या पाववाल्याला हसलो होतो," तो म्हणाला. मग त्यानं टेबल पाहिलं. पाव, गहू, जळती मेणबत्ती. "पण मग हे कशाला मांडलंय?"

ओब्रेननं पाव पुढे केला. बाप-लेकांनी चार हातांनी तो फिरवला आणि मोडला.

"बोहुमिल जिवंत आहे," खाता खाता रादोये म्हणाला. एक हात यागोदाच्या हातात होता, तो त्यानं सोडवून घेतला नाही. "कोर्फू बेटावर भेटला. मी तापानं पडलो होतो, तो रोज पाव भिजवून भरवायचा. आता घरी गेलाय, मोरावियाला. तुम्हाला निरोप दिलाय, की दर सहा डिसेंबरला तो आपल्या भट्टीपाशी उभा राहणार. दिवसभर बसणार नाही म्हणालाय, तुमच्यासाठी."

"म्हणजे आज?"

"त्याचा सहा डिसेंबर आजच की."

ओब्रेननं थोडा विचार केला. "मग इथे आपण दोघांनी उभं राहायची काही गरज नाही," तो म्हणाला. त्यानं वाइनची बाटली उचलली आणि रादोयेच्या हातात दिली. रादोयेनं ती घेतली, उठला आणि आईच्या पेल्यात ओतली. थोडी सांडली.

ओब्रेननं बाक ओढला, काठी भिंतीला लावली आणि मेणबत्तीसमोर खाली बसला.

तेवढ्यात शेजारी उंबऱ्यावर जमायला लागले, रादोये आल्याची बातमी ऐकून. तारीख कुणीच विचारली नाही. टोप्या काढून एकेक जण घरधन्याला शुभेच्छा देत होता आणि रादोये उभा राहून प्रत्येकाला आत घेत होता. पेरुनिका दोनदा ओब्रेनला म्हणाली, "ऊठ, लोकांना जागा कर. बैल तर गेले, तुला आता उठवू कशानं?"

ओब्रेन जागचा हलला नाही. घेवडा आण म्हणाला.